मुंबई सिटी दरवर्षी बियाणं विकतच का आणते?

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं, आणि भारतीय फुटबॉलची ट्रान्सफर विंडोही साधारण जूनमध्येच उघडते. त्यामुळे दर जूनमध्ये माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज एकदम येऊन पडतात. मित्रांच्या ग्रुपवर मुंबई सिटी एफसीने कोणाला घेतलं आणि कोणाला सोडलं याची चर्चा. घरच्या ग्रुपवर यंदा कपाशीचं कोणतं वाण मिळतंय आणि किती पाकिटं घ्यायची याची. घर म्हणजे आष्टी. बीडची नव्हे, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली.

बीटी कपाशीचं बी संकरित असतं. तिची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पहिल्यासारखं पीक येत नाही. म्हणून शेतकरी दर जूनला कृषी सेवा केंद्रासमोर उभा राहतो आणि नऊशेच्या आसपासचं पाकीट घेतो. वाण चांगलं निघालं तर वर्ष बरं जातं. पुढच्या जूनला पुन्हा तीच रांग. सोयाबीनचं तसं नाही. त्याचं बी घरी धरता येतं. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, सत्तर उगवले तर खुशाल पेरायचे.

मुंबई सिटीने आजवर कपाशीची शेती केली, आणि उत्तम केली. माझं भांडण एवढंच आहे की या क्लबने सोयाबीनचा अर्धा एकरही कधी मनापासून पेरला नाही. आणि आता बियाण्याला पैसे पुरवणारा सावकारच उठून गेलाय.

आधी श्रेय देऊ. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. २०२० च्या विंडोत क्लबने जे केलं ते भारतीय फुटबॉलमध्ये तोवर कोणी इतक्या उघडपणे केलं नव्हतं. एफसी गोवाला घडवणारा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणला, आणि त्याच्या मागोमाग गोव्याच्या संघाचा कणाच उचलला: अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई. एका खेळाडूला निवडण्यात चूक होऊ शकते, पण एकमेकांना ओळखणारे चार खेळाडू आणि त्यांचा प्रशिक्षक एकत्र आणले तर चुकीला जागा कमी उरते. हिशेब बरोबर निघाला. २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा मी हॉस्टेलच्या रूमपार्टनरला मिठी मारली होती. तो क्रिकेटवाला होता, त्याला काही कळलं नाही.

मग काय झालं? त्याच उन्हाळ्यात बूमू आणि गोलकीपर अमरिंदर सिंग कोलकात्याला गेले. आपण गोव्याचं जे केलं तेच मोहन बागानने आपलं केलं. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? क्लबने पुन्हा खरेदी केली. आपुया, छांगते, ग्रेग स्टुअर्ट, परेरा दियाझ. २०२२-२३ ची शील्ड आली, ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून दुसरा करंडक आला. आणि त्या करंडकावरची फुलं सुकायच्या आत आपुया मोहन बागानकडे, तर दियाझ, नोगुएरा आणि कर्णधार राहुल भेके असे तिघे बंगळुरूकडे. पुढच्या मोसमात मुंबई सहावी आली, आणि २९ मार्च २०२५ ला प्लेऑफमध्ये त्याच बंगळुरूने ५-० ने धुतलं. मग २०२५ मध्ये, दोन्ही अंतिम सामन्यांत गोल मारणारा बिपिनही ईस्ट बंगालला गेला.

याला कोणी 'संघबांधणी' म्हणतं तेव्हा मला हसू येतं. बांधलेली गोष्ट तीन महिन्यांत अशी उकलत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा जुन्या मालकांना देऊन मुंबई सोडली. लीगच्या हक्कांचा करार संपलेला, मोसम सुरू झालेला नाही, कारण सांगितलं अनिश्चिततेचं. कारण खोटं नव्हतं. परदेशी कंपनीने तोट्याच्या बाजारातून काढता पाय घेतला म्हणून तिला शिव्या घालण्यात मला रस नाही. मला प्रश्न पडतो तो मागे काय उरलं याचा. दोन करंडक, दोन शील्ड आणि आठवणी. सहा वर्षांत जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल घराण्यांपैकी एक आपल्या राज्यात राहून गेलं, आणि आमच्या जिल्ह्यात त्याची एक खूणही नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं. नागोबाने बीळ सोडलं, आणि बीळ तर मुळात त्याने खणलंच नव्हतं.

आता शेजारी बघा. २०२० मध्ये ज्याचा कणा आपण उचलून आणला त्या गोव्याचं काय झालं? एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीग खेळला. सेवियर गामा, सॅनसन परेरा अशी गोव्याचीच पोरं संघात होती, आणि कतारच्या अल रय्यानला त्यांनी दोन्ही वेळा बरोबरीत रोखलं. गोव्याला हे जमलं कारण त्यांच्याकडे साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंगसारखे जुने क्लब आहेत, गोवा प्रोफेशनल लीग आहे, गावागावात मैदान आहे. आपण पीक कापून आणलं. शेत त्यांच्याकडेच राहिलं.

आपल्याकडे शेतच टिकत नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला. त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला, २०२२ मध्ये तो आयएसएल जिंकला, आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलला. पुण्याची जागा अशी दिल्लीपर्यंत फिरून आली. त्या विजेत्या हैदराबादच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी खर्चाने.

आणि राहुल भेके? तो मुंबईचा. मुंबई सिटी २०१४ मध्ये स्थापन झाली तेव्हा तो व्यावसायिक फुटबॉल खेळतच होता. तरी तो कोलकात्याला गेला, मग बंगळुरूला. मार्च २०१९ मध्ये आयएसएलचा अंतिम सामना अंधेरीत झाला, मुंबई सिटीच्या स्वतःच्या मैदानावर, आणि ११७ व्या मिनिटाला बंगळुरूला करंडक मिळवून देणारं हेडर कोणाचं होतं? भेकेचं. मुंबई सिटीने त्याला २०२१ मध्ये घेतलं. पुढच्याच एप्रिलमध्ये इराकच्या अल कुवा अल जविया संघाविरुद्धचा विजयी गोलही त्यानेच केला. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. घरचा माणूस सापडायला या क्लबला सात वर्षं लागली, तेही दुसऱ्यांनी पारखून दिल्यावर.

इथे कोणीतरी 'भूमिपुत्र' म्हणून आरोळी ठोकणार, म्हणून आत्ताच सांगतो: हा लेख त्यासाठी नाही. छांगते आणि आपुया मिझोरमचे, बिपिन मणिपूरचा. ही पोरं मुंबईची झाली याचा मला अभिमान आहे. उलट मिझोरमकडेच बघा. आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या दोन-तीन पट लोकसंख्येचं राज्य. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली आणि २०१७ मध्ये ऐजॉल एफसी आय-लीग जिंकला. मिझो पोरांच्या पायात काही वेगळं रक्त नाही. त्यांच्याकडे दर आठवड्याला सामना आहे. स्पेनमधला ॲथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रदेशातले खेळाडू खेळवतो, पण तिथे जन्मलेलाच नव्हे, तिथे घडलेलाही चालतो. त्यांचा लाडका इन्याकी विल्यम्स घानाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. तो क्लब ला लिगामधून कधीच खाली गेलेला नाही. मुद्दा जातीपातीचा, प्रांताचा नाही. घडवण्याचा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, आणि 'डेटावर आधारित रिक्रूटमेंट' हा शब्द मी रोजच्या कामात पुरेसा ऐकलाय. मॉडेलला जे दाखवलं तेवढंच ते ओळखतं. जिथे नोंदणीकृत लीग आहे, व्हिडिओ आहे, मिनिटांची नोंद आहे, तिथलाच खेळाडू स्काउटच्या स्क्रीनवर येतो. आष्टीचा पोरगा त्या टेबलात शून्य नाही. शून्य असायलासुद्धा ओळ लागते. त्याची ओळच नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाआधी, महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला. शाळाशाळांत फुटबॉल आले, आमच्याकडेही. माझा मामेभाऊ तेव्हा नववीत. त्याला उजव्या-डाव्या पायाचा फरकच नव्हता. बाभळीच्या काट्याने बॉल पंक्चर झाला की सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणायचा. दोन वर्षांनी मी त्याला पुण्यात एका ठिकाणी निवड चाचणीला घेऊन गेलो. फी भरली. शेकडो पोरं. प्रत्येकाला मैदानावर दहाएक मिनिटं. त्याच्याकडे बॉल तीनदा आला. नंतर टेबलावरच्या माणसाने विचारलं, "सीआरएस नंबर?" ही फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी, ती क्लबमार्फत होते. "क्लब कोणता?" क्लब नव्हता. "व्हिडिओ?" तोही नव्हता.

परतीच्या एसटीत त्याने एकच विचारलं, "दादा, मी खराब खेळलो का?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच माहीत नव्हतं. दहा मिनिटांत कोणालाच कळत नाही. मला आजही त्याचाच राग येतो. तो कदाचित चांगला खेळाडू झालाच नसता. पण ते ठरवायला कोणी त्याचं खेळणं बघितलेलंच नाही.

आता तो आष्टीत एका कृषी सेवा केंद्रावर काम करतो. गेल्या जूनमध्ये बीचं पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "ह्याचं बी धरता येत नाही दादा. कंपनी उद्या बंद झाली तर आपण हात चोळत बसायचं." तो फुटबॉलबद्दल बोलत नव्हता.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला, आणि त्याच्या साक्षीने राज्याच्या 'प्रोजेक्ट महादेवा'ची सुरुवात झाली. राज्यभर चाचण्या घेऊन तेरा वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या आणि पाच वर्षं त्यांना घडवायचं. त्या साठ जणांसाठी मला मनापासून आनंद आहे. पण पुन्हा तेच: चाचणी. आपल्याला निवडायची फार हौस. ज्यांची निवड झाली नाही, ती मुलं पुढच्या रविवारी कुठे खेळणार?

म्हणून मुंबई सिटीकडे माझी मागणी साधी आहे. राजवाड्यासारखी अकादमी नको. पुढच्या विंडोत एक परदेशी खेळाडू कमी घ्या आणि तो पैसा जिल्ह्यांच्या लीगवर लावा. एका जिल्ह्यात आठ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं: ५६ सामने, दर रविवारी चार, १४ रविवार. तासाचा सामना धरला तर एका पोराची ८४० मिनिटं. चाचणीत दहा. शिवाय पंच, बॉल, आखलेलं मैदान, प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक आणि खांबाला बांधलेला एक फोन, सामना टिपायला. एवढं झालं की आष्टीच्या पोराची ओळ तयार होते. मग त्याला नापास करा, मी ब्र काढणार नाही.

कोणी म्हणेल, क्लब हा धंदा आहे, समाजसेवा नाही. मान्य. मग धंद्याचंच बोलू. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात. उरलेले सात भारतीय. चांगला भारतीय खेळाडू कमी, घेणारे क्लब तेवढेच, म्हणून भाव चढतात आणि दर उन्हाळ्यात तीच नावं एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरतात. जो स्वतः खेळाडू तयार करेल तो या बाजारात विकणारा होईल. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये तर फिफाचा नियमच आहे: खेळाडू १२ ते २३ वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबांना रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत वाटा. नोंदणीकृत क्लब असेल तर. जिथे क्लबच नाही, तिथे वाटा कोणाला द्यायचा?

कोणी म्हणेल, आयपीएलच्या संघात तरी कुठे स्थानिक असतात? नसतात. पण त्यांच्याखाली रणजी आहे, जिल्हा संघटना आहेत, गल्लोगल्ली टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत. आयपीएल उद्या बंद पडली तरी क्रिकेट मरणार नाही. फुटबॉलमध्ये आपण कळस आधी चढवला आणि पाया खणायचा विसरलो. मुंबई सिटीच्या ज्युनियर संघांतून थोडी मुलं वर आली, हेही खरं. पण एका महानगराचे ज्युनियर संघ म्हणजे ३६ जिल्ह्यांचा महाराष्ट्र नव्हे.

सिटी ग्रुप गेल्यावर माझे बरेच मित्र हळहळले. मी एक दिवस हळहळलो. मग वाटलं, पाकीट विकत आणायची सोय संपली की शेतकरी नाइलाजाने का होईना घरच्या कोठीकडे वळतो. क्लबनेही वळावं. येत्या जूनमध्ये मी नव्या खेळाडूंची नावं बघेनच, सवय सुटत नाही. पण त्या यादीत जिल्हा लीगची एक ओळ दिसली, तर ती मी मित्रांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी घरच्या ग्रुपवर टाकेन. मामेभाऊ वाचेल. आमच्या गल्लीतला एक बारा वर्षांचा पोरगा हल्ली त्याच्या दुकानामागे भिंतीवर बॉल मारत असतो.