सहल आणि धम्मयात्रा



मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी एकच धोशा सुरू होतो, "यंदा कुठे जायचे?" आमच्याही घरी तो झाला. धाकट्याला समुद्र हवा होता, थोरलीला थंड हवेचे ठिकाण. आम्ही रात्री वहीत हिशेब मांडला. पाच माणसांचे भाडे, मुक्काम, जेवणखाण. वही मिटून ठेवली. सकाळी मुलांना सांगितले, "दोन हजार वर्षांपूर्वी परदेशची गलबते जिथे लागत, ते बंदर बघायला चला. लोकलच्या तिकिटात जाऊन येऊ."

ते बंदर म्हणजे सोपारा. पाली ग्रंथांतले सुप्पारक, आजच्या पालघर जिल्ह्यातले नालासोपारा.

आमच्या आईने सहल म्हणून कधी घर सोडलेले नाही. तिचे प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि एकदा नागपूरची दीक्षाभूमी. रविवारी पहाटे ती पांढरे लुगडे नेसून, पदराआड मोगऱ्याची ओंजळभर फुले घेऊन तयार! मुले हसली. "आजी, आपण फिरायला चाललोय." आई म्हणाली, "मग मी काय बसायला चाललेय?"

दादरहून विरार लोकल धरली, नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरलो, रिक्षा केली. स्तूपापाशी पोहोचलो आणि मुलांची तोंडे उतरली. समोर विटांचा एक मोठा, गोलसर उंचवटा. गावची जुनी माणसे याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. धाकटा म्हणाला, "समुद्र कुठाय? आणि बघायचं काय, या विटा?"

त्याचे चुकले नव्हते. बघायचे काय, हे कोणी सांगितल्याशिवाय विटा बोलत नाहीत. सावली शोधली, डबे सोडले आणि सांगायला बसलो.

एकेकाळी खाडी इथवर होती. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे. इथला माल घाट चढून देशावर जाई. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांत आजही कोरलेले आहेत. व्यापारी होऊन गेलेला आणि भिक्खू होऊन आपल्याच मुलखात धम्म सांगायला परतलेला स्थविर पूर्ण याच भागातला मानतात. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार दुसरीकडे गेला आणि स्तूपाचा 'कोट' झाला.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. आत दगडाची मोठी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. आता सोन्याच्या डबीत काय असेल? थोरली म्हणाली, "हिरा!" निघाले ते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

आई इतका वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आपल्या वाडवडलांच्या गळ्यात मडकं बांधत होते, थुंकायला. आणि इथं मातीच्या खापराला सोन्याची डबी." मुले पुन्हा हसली नाहीत. धाकट्याने आजीचा हात धरला आणि विचारले, "मडकं कशाला बांधायचे?" त्याला हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही. पोरांच्या कानी जुने दुःख नको, असे आम्हाला वाटत होते. त्या दिवशी आईने त्याला सगळे सांगितले, आणि गळ्यातले मडके कोणी उतरवले तेही सांगितले.

वाचकहो, सोपाऱ्यातच १८८२ साली सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा लेख नेमका प्रवासाविषयी आहे! पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी विहारयात्रा करीत. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेला गेले आणि तेव्हापासून त्यांच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना भेटून त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचे, धम्म सांगायचा आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे करायची.

१९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. दुसऱ्याच्या दारी राबणाऱ्या आपल्या माणसांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. मुलांनी समुद्रात डुंबावे, भेळ खावी. मौजेला आमची ना नाही. आम्हीही परतताना स्टेशनबाहेर मुलांना बर्फाचा गोळा घेऊन दिला. पण वर्षातून एक दिवस आपल्या जवळच्या लेण्याला, स्तूपाला पोरांना न्या. घरातले म्हातारे माणूस बरोबर घ्या. त्याला घरी राखण ठेवू नका. आधी स्वतः थोडे वाचून जा. कचरा आपल्या पिशवीत परत आणा. आणि पोरांनी अवघड प्रश्न विचारला तर टाळू नका. प्रश्न हासुद्धा धम्मयात्रेचाच भाग आहे, हे सम्राटाने दगडावर कोरून ठेवले आहे.

परतीच्या गाडीत धाकट्याने विचारले, "तो दगड बघायला कधी जायचे?" पुढच्या रविवारी संग्रहालयात जायचे ठरले आहे. आईने लुगडे आत्ताच धुऊन ठेवले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!