दुसरं पिंप भरल्याशिवाय

आमचं गाव डोळखांबच्या पुढे. मार्च सरला की विहिरीचा तळ दिसतो आणि गाव टँकरवर येतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतलं सर्वांत मोठं, भातसा, आमच्याच शहापूर तालुक्यात आहे, तरीही. घरी आईची दोन पिंपं असतात. एक वापरातलं, एक भरायचं. टँकर आला, दुसरं भरलं, पाणी गढूळ नाही हे पाहिलं, की मगच ती पहिलं घासायला घेते. एकदा शेजारच्यांनी टँकर यायच्या आधीच पिंप ओतून धुऊन ठेवलं. टँकर आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

गेल्या पावसाळ्यात आई एका दाखल्यासाठी पहिल्या एसटीने निघाली. खिडकीवर उत्तर मिळालं, "मावशी, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." माहिती अद्ययावत करण्याचं काम चालू असल्याचं पडद्यावर लिहिलेलं. मंगळवार, सकाळचे अकरा. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. लावणीचे दिवस होते, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

मी आसनगावहून गाडी पकडून ऐरोलीला सॉफ्टवेअरच्या कामाला जाते. आईचं ऐकून जीव जास्तच जळला, कारण असली चूक मी स्वतः केलेली आहे. वारंवार लागणारी माहिती मूळ डेटाबेसमधून काढून हाताशी ठेवतात, त्या साठ्याला आम्ही कॅश म्हणतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी नवी माहिती भरण्यासाठी मी तो साठा आधी रिकामा केला. त्या क्षणापासून प्रत्येक विचारणा थेट मूळ डेटाबेसवर जाऊन आदळू लागली. साठा भरायचा होता तोही तिथूनच, त्यामुळे भरणंही अडलं. पाऊण तास सगळं ठप्प.

खरी रीत आईचीच. जुन्या साठ्यावर कारभार चालू ठेवायचा, शेजारी नवा भरायचा. भरत असताना मूळ नोंदींत झालेले बदल टिपून तेही त्यात घालायचे. नोंदींची संख्या जुळते का पाहायची, दहा-वीस नोंदी उघडून वाचायच्या. मग एका फटक्यात रोख बदलायचा: आतापर्यंत विचारणा जुन्या साठ्याकडे, 'अ'कडे, जात होती, आता नव्या 'ब'कडे जाईल. 'अ' लगेच पुसायचा नाही. 'ब'मध्ये खोट निघाली तर परतायला तोच उपयोगी पडतो. यात काही नवलाईचं नाही. २००९ साली आलेल्या रेडिस या कॅशसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठ्यातल्या नोंदीचं नाव एका आज्ञेत बदलता येतं, आणि ते होताना अर्धवट अवस्था कुणाला दिसत नाही.

याला काही काळ दुप्पट मेमरी लागते, हे खरं. रोख बदलेपर्यंत लोकांना जुनी माहिती दिसते, हेही खरं. बँकेतली शिल्लक अशी शिळी दाखवून चालणार नाही. पण गावांची यादी, नमुने, शुल्काचे दर, महिनोन्‌महिने न बदलणाऱ्या नोंदी दहा मिनिटं जुन्या दिसल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. खिडकी बंद राहिली तर बिघडतं, आणि ते डोळखांबहून आलेल्या बाईचं बिघडतं. भाड्याच्या मेमरीचा खर्च सरकारला जड नाही.

मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. डिजिटल सही केलेला सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. दोन्ही गोष्टी मला मनापासून हव्याशा वाटतात. पण लोकांना कागद आणि रोकड बाजूला ठेवायला सांगितली, की यंत्रणा चालू ठेवणं ही सोय राहत नाही, ते सरकारचं देणं होतं.

सरकारी संकेतस्थळांच्या निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निविदेत एक अट घाला: माहिती बदलण्यासाठी कार्यालयीन वेळेत सेवा बंद करता येणार नाही. आणि काम ताब्यात घेण्याआधी कंत्राटदाराला भर दुपारी, लोक रांगेत असताना, साठा बदलून दाखवायला सांगा.