धक्क्याखालचे रहिवासी आणि निर्लेखनाची नस्ती

पर्थला स्थायिक झालेला माझा भाचा या हिवाळ्यात रायपूरला आमच्याकडे आठवडाभर राहून गेला. व्यवसायाने तो अभियंता. पण सुटी मिळाली की पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरणे हा त्याचा छंद. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या शहरात एका रात्री जेवणानंतर तो समुद्राविषयी बोलत बसला. ते ऐकताना मला माझ्या नोकरीतल्या एका जुन्या नस्तीची आठवण झाली, आणि तीच या लेखाचे निमित्त आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर एस्परन्स नावाचे एक लहान बंदर आहे. तेथे १९३५ साली बांधून झालेला एक लांबच लांब लाकडी धक्का होता. तेलवाहू जहाजे लागत म्हणून त्याचे नाव टँकर जेटी. (आपल्याकडे जेटी हा शब्द आता रुळला आहे, पण भाऊच्या धक्क्यामुळे मराठी माणसाला धक्का हाच शब्द जवळचा, म्हणून मी तोच वापरतो.) जहाजे येणे थांबल्यावर तो गावकऱ्यांच्या फिरण्याचा, गळ टाकून बसण्याचा आणि पाणबुड्यांच्या बुडीचा धक्का झाला. लाकूड कुजत गेले, तसे त्याचे तुकडे बंद होत गेले. वारसा म्हणून त्याची सरकारदरबारी नोंद होती, गावात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि अखेर तो पाडण्यात आला. २०२१ साली त्याच ठिकाणी नवा, आखूड धक्का लोकांसाठी खुला झाला.

भाचा म्हणाला, "मामा, नवा धक्का मजबूत आहे, वर फिरायला छान आहे. पण खाली उतरलं की कोणीच राहायला न आलेल्या इमारतीत शिरल्यासारखं वाटतं."

त्याने मोबाइलवर जुन्या खांबांची छायाचित्रे दाखवली. खांब असे दिसतच नव्हते. पिवळ्या, केशरी, जांभळ्या स्पंजांचे थर, त्यांच्या खाचांत दडलेले मासे, वरच्या फळ्यांमधून आत उतरणाऱ्या उन्हाच्या तिरिपा. हे कसे घडते तेही त्याने समजावून सांगितले. समुद्राचा तळ पुष्कळ ठिकाणी वाळूचा असतो आणि वाळू सतत हलत असल्यामुळे तिच्यावर घट्ट चिकटून राहणाऱ्या जीवांना घर करता येत नाही. तेथे माणसाने एक खांब रोवला की त्यांना पहिल्यांदा भिंत मिळते. आधी बुळबुळीत शेवाळ, मग शिंपले आणि बार्नेकल, मग स्पंज, त्यांना खाणारे, त्यांच्यात लपणारे, आणि या सगळ्यांना खाणारे मोठे मासे. धक्क्याच्या सावलीचाही यात वाटा असतो. ही वस्ती भरायला दशके लागतात, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. ज्या दिवशी बांधकाम खात्याच्या दृष्टीने धक्का निरुपयोगी ठरतो, बहुधा त्याच सुमारास खाली तो सर्वाधिक उपयोगात असतो.

आता माझी नस्ती.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी छत्तीसगडच्या एका जिल्ह्यात होतो आणि तेथील एका नगर पंचायतीचा प्रशासक म्हणून अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता. गावाचे नाव लिहीत नाही. गावाच्या मध्यभागी मोठा तलाव, त्याला तीन बाजूंनी पचऱ्या (दगडी पायऱ्यांच्या घाटाला इकडे पचरी म्हणतात) आणि काठापासून जरा आत, पाण्यात, दगडी खांबांवर उभे असलेले एक जुने पंपघर. नवी नळयोजना आल्यापासून ते बंद होते. छप्पर गेलेले, जोडपुलाच्या सळ्या गंजून बाहेर आलेल्या. तलावाच्या सौंदर्यीकरणाचा निधी मंजूर झाला, आणि हे पंपघर पाडण्याचा प्रस्ताव माझ्याकडे आला. आपल्याकडे निर्लेखन म्हणतात त्याला इकडे हिंदीत अपलेखन म्हणतात. कागद मात्र तेच. अभियंत्याचे जीर्णतेचे प्रमाणपत्र, भंगाराचे मूल्यांकन, छायाचित्र, आक्षेप मागवणारी जाहीर सूचना आणि एकही आक्षेप आला नसल्याची टीप. नस्ती निर्दोष होती. मी सही केली आणि आजही, त्या कागदांवरून निर्णय करायचा झाला तर, सहीच करीन.

पुढच्या उन्हाळ्यात मच्छीमार सहकारी समितीचे एक वृद्ध सदस्य भेटायला आले. तलाव त्यांच्या समितीकडे पट्ट्याने होता. म्हणाले, "मछरी मन उहें रहत रहिन, साहेब." मासे तिथेच राहायचे. वैशाखात पाणी आटले की पंपघराच्या खांबांची सावली हाच तलावातला गारवा. सळ्यांमध्ये जाळे अडकते म्हणून तेथे कोणी जाळे टाकीत नसे, त्यामुळे विकत आणून न सोडलेल्या, देशी माशांचे बीज आपोआप टिकत असे. शिवाय गावातल्या प्रत्येक पिढीतली मुले त्याच चौथऱ्यावरून सूर मारून पोहायला शिकली होती. मी विचारले, हे आधी का नाही सांगितले, सूचना तर लागली होती. त्यांचे उत्तर दोन शब्दांचे होते: "कोन पूछिस?"

कोणी विचारले? मी तेव्हा मनातून थोडा चिडलोच, कारण सूचनेची प्रत माझ्यासमोर होती. नंतर ती पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. सूचनेत "अनुपयोगी पंप हाउस" असे लिहिले होते. गावात त्या वास्तूला पंपघर कोणीही म्हणत नव्हते; सगळे तिला "टापू" म्हणत. टापू पाडणार आहेत हे टापूवर जाणाऱ्यांना आम्ही कधी कळवलेच नव्हते. पंपघर निरुपयोगी होते यात शंका नाही.

हीच गोष्ट पाणबुड्यांची. ते धक्क्यावरून चालतात तेवढ्यापुरते त्यांना पादचारी म्हणून कोणी मोजील. खाली उतरले की ते कोणत्याच नोंदवहीत नाहीत. त्यांचा शोक वर्तमानपत्रांना गमतीचा वाटतो, कारण तो मेलेल्या माणसाचा नाही, देवळाचा नाही, बुडालेल्या रोजगाराचाही नाही. कुजलेल्या खांबांसाठी रडणारी ही माणसे कोण, असा प्रश्न मलाही पडला असता, जर ते म्हातारबाबा माझ्याकडे येऊन गेले नसते.

मोजणे अशक्य असते असे मात्र नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आढळले. प्रवाळांचा समावेश २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे वनविभागाच्या परवानगीने, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, २०२० साली प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. स्थलांतर कितपत योग्य होते याविषयी मतभेद आहेत, ते असोत. मला एवढेच दिसते की एवढ्या अवाढव्य प्रकल्पात, कायद्याने भाग पाडल्यावर, आपल्या यंत्रणेने तळहाताएवढे जीवसुद्धा एकेक करून मोजले. जे अनुसूचीत नाही ते मोजण्याचे बंधन नाही, आणि बंधन नाही म्हणून नजरही जात नाही.

याची दुसरी बाजू अधिक मौजेची आहे. सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याजवळच्या निवती रॉकच्या परिसरात, नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही नौका समुद्रतळी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत तयार करण्याचा प्रकल्प आखला गेला, आणि त्यासाठी केंद्राच्या योजनेतून ४६.९१ कोटी रुपये मंजूर झाले. मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही. मालवण-तारकर्लीत स्कूबामुळे अनेक कुटुंबांना रोजगार मिळाला आहे, आणि गर्दी एकाच ठिकाणी एकवटण्यापेक्षा विभागली जाणे बरे. पण ज्या उद्देशाने आपण कोट्यवधी रुपये खर्चून लोखंड पाण्यात सोडतो, तोच उद्देश जेथे एखादा जुना खांब साठ-सत्तर वर्षे फुकट साधत आला आहे तेथे आपण त्याला उपटण्यासाठी निविदा काढतो. दोन्ही नस्त्या एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर चालू शकतात आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत. शिवाय नव्याने रचलेले सगळेच रुजते असेही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर कृत्रिम भिंत म्हणून टाकण्यात आले. बांधलेले गठ्ठे सुटले, टायर लाटांबरोबर फिरून शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर घासू लागले, आणि पुढे ते वर काढण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले.

माझे सहकारी येथे मला अडवतील, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. जीर्ण बांधकाम उभे ठेवणे ही भावुकता नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जण दगावले. अशा सकाळी जिल्हाधिकाऱ्याला कोणी विचारत नाही की पुलाच्या सावलीत मासे किती होते. समुद्रात तर क्षार काँक्रीटमधून आतल्या सळीपर्यंत पोहोचतात, सळी गंजून फुगते आणि वरचे थर फोडते. लाकडाला किडे आतून पोखरतात. बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आतून पोकळ असतो, आणि बुडी मारणाऱ्याच्या डोक्यावर तुळई पडली तर चौकशी समितीपुढे सौंदर्याचा मुद्दा चालत नाही. मी स्वतः अशा चौकशीला सामोरा गेलो आहे, म्हणून हे हलकेपणाने लिहीत नाही.

पण धोका बहुतेक वेळा वरच्या भागात असतो आणि वस्ती खालच्या भागात, हा साधा फरक आपल्या प्रस्तावांत येत नाही. "संपूर्ण पाडकाम" असा एकच शब्द असतो. वरचा माथा काढून, नौकानयनाला अडथळा नसेल तेथे, पाण्याखालचे खांब काही उंचीपर्यंत तसेच ठेवता येतील का, हे अभियंत्याला विचारले तर तो सांगू शकतो. मेक्सिकोच्या आखातात निवृत्त तेलफलाटांच्या बाबतीत अमेरिकेने हेच केले. पाचशेहून अधिक फलाटांचे सांगाडे तेथे माशांसाठी पाण्यात राहू दिले आहेत. (तेल कंपन्यांचा खर्च वाचतो म्हणून त्यांनाही हे आवडते, हेही लक्षात ठेवावे.) दक्षिण ऑस्ट्रेलियात रॅपिड बे येथे खाणीच्या चुनखडीसाठी १९४० च्या दशकात बांधलेला धक्का धोकादायक झाला तेव्हा तो लोकांसाठी बंद केला, शेजारी नवा आखूड धक्का २००९ मध्ये उघडला, आणि जुना पाण्यात तसाच राहिला. तेथे पानांसारखे अवयव असलेला सीड्रॅगन पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात. मेलबर्नच्या दक्षिणेला फ्लिंडर्स येथे जुना लाकडी भाग काढण्याची योजना जाहीर झाल्यावर पाणबुड्यांनी आणि गावकऱ्यांनी इतका पाठपुरावा केला की शासनाला दुरुस्तीसाठी निधी द्यावा लागला. एस्परन्सला तसे घडले नाही.

रायपूरकरांना हे सारे फार दूरचे वाटेल, पण आपलीही छोटी रेल होतीच. १९०० साली सुरू झालेला रायपूर-धमतरीचा अडीच फुटी मार्ग २०१७ मध्ये रायपूर ते केंद्री एवढ्या भागात बंद झाला आणि त्या पट्ट्यावरून एक्सप्रेस-वे गेला. मार्च २०२५ मध्ये अभनपूरला मोठ्या मापाची गाडी पोहोचली, ती आधीपेक्षा निश्चितच सोयीची आहे. छोट्या रेलच्या प्रवाशांजवळ निदान तिकीट होते. किती जण होते हे रेल्वेला सांगता तरी येत होते. टापूवरच्या मुलांकडे तिकीट नव्हते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावाला एक पान जोडावे. त्यात या वास्तूचा आज प्रत्यक्ष वापर कोण करते हे लिहावे, मूळ प्रयोजन संपले असले तरीही. आणि तेही अकरा वाजता जीपमधून उतरून पाहिलेले नव्हे, तर पहाटे आणि दुपारी जाऊन पाहिलेले. जाहीर सूचनेत वास्तूचे सरकारी नाव लिहा, पण त्यापुढे लोक तिला काय म्हणतात तेही लिहा. आणि पाण्यातले बांधकाम असेल तर खालचा भाग काढणे का आवश्यक आहे याचे कारण अभियंत्याने वेगळे नोंदवावे. या पानाचा आधार घेऊन अतिक्रमणवाले कामे रखडवतील, ही भीती मी जाणतो. मुदत तीस दिवसांची ठेवा आणि धोकादायक माथा पहिल्याच दिवशी बंद करा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, विभागप्रमुखाचे एक परिपत्रक पुरे. मी माझ्यापुरते पुढच्या दोन नेमणुकांत असे पान जोडून घेतले. एका ठिकाणी त्याने काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी एका जुन्या बंधाऱ्याचे पाडकाम पावसाळ्यानंतर ढकलले गेले, एवढेच.

भाचा परत जाण्याआधी मी त्याला त्या गावी घेऊन गेलो. तलावाकाठी आता फरसबंदी आहे, बाके आहेत, रंग बदलणारे दिवे आहेत. तो काठावर उकिडवा बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत होता आणि मग त्याने विचारले की खांब तळापासून काढले की मध्येच तोडले. मला सांगता आले नाही. माझ्या मंजुरीत ते लिहिलेलेच नव्हते.

म्हातारबाबांनी त्या दिवशी एक अर्जही दिला होता, त्याची छायाप्रत माझ्याजवळ आहे. अर्जाच्या विषयाच्या ओळीत फक्त "तालाब के संबंध में" असे आहे. आवक लिपिकाने समासात शेरा मारला आहे: विविध.