कृत्रिम पाय कामाच्या मापाचा हवा

तेलंगणातील बीबीनगरचे एम्स आणि डीआरडीओची हैदराबाद येथील प्रयोगशाळा डीआरडीएल यांनी जुलै २०२५ मध्ये कार्बन तंतूंचे स्वदेशी कृत्रिम पाऊल सादर केले. १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी त्याची चाचणी झाली आहे. उत्पादनखर्च वीस हजार रुपयांच्या आत राहील, आयात पावलाला मात्र सुमारे दोन लाख पडतात, असे तेव्हा सांगण्यात आले. बातम्यांचा भर स्वाभाविकच किमतीवर राहिला. यश निर्विवाद आहे. परंतु हे पाऊल लावून माणूस कोणत्या कामाला जाणार, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो भौतिकशास्त्राचाही आहे.

कार्बनचे पाऊल टाच टेकताना स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना तिचा मोठा भाग परत देते. दिवसभर चालणाऱ्याला ते वरदान ठरेल. भातखाचरात उतरणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या, अनवाणी वावरणाऱ्या माणसाची गरज वेगळी असते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेले जयपूर फूट नेमके याच माणसासाठी होते. हमालाचे गणित आणखी निराळे. ७५ किलोच्या माणसाने ५० किलोचे पोते उचलले की उभ्या उभ्याच १२५ किलो भरतात. चालताना प्रत्येक पावलागणिक भार त्याहून वाढतो. सुरक्षेसाठी राखीव ताकद ठेवलेली असते हे खरे, पण ती रोज खर्ची घालण्यासाठी नसते.

झिजेचेही तसेच. कृत्रिम पायांच्या आयएसओ १०३२८ या मानकात रचनेवर ३० लाख वेळा भार देऊन पाहतात. एका पायाने दिवसाला तीन हजार पावले टाकणाऱ्याचे तेवढे आवर्तन हजार दिवसांत पुरे होते, पाच हजार टाकणाऱ्या फेरीवाल्याचे सहाशे दिवसांत. म्हणजे त्या दिवशी पाय मोडेलच असे नव्हे. पण दोघांची झीज एका वेगाने होणार नाही, एवढे उघड आहे. केंद्राच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेत मात्र प्रौढाला त्याच कारणासाठी पुन्हा साहाय्य मिळण्यास सरसकट तीन वर्षांची अट आहे.

आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे सॉकेट, उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने उरलेला पाय आक्रसत जातो. वाटी सैल होते, त्वचा घासते, फोड येतात. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते आणि पाय खुंटीला टांगला जातो. उत्तम कार्बनही इथे निरुपयोगी. पोलिओग्रस्ताच्या कॅलिपरचा पट्टा तुटतो तेव्हाही हेच घडते. दुरुस्तीचे शिबिर भरत नाही, कारण त्यात छायाचित्राजोगे काही नसते!

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील २.६८ कोटी अपंग व्यक्तींपैकी सुमारे ३६ टक्केच काम करत होत्या. तरीही ‘एडिप’ सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि अपंगांची व्यवसाय मार्गदर्शन केंद्रे श्रम मंत्रालयाकडे, अशी विभागणी आहे. एक खाते पाय देते, दुसरे काम शोधते. अमेरिकेने १९४३ मध्येच व्यावसायिक पुनर्वसनाच्या कायद्यात कृत्रिम अवयवांचा समावेश केला; तिथे रोजगारासाठी लागणारा पाय हा रोजगार सेवेचाच खर्च ठरतो. आपल्याकडेही मोजमापापूर्वी कामाची पाहणी, कामावर रुजू झाल्यावर वाटीची पुनर्जुळणी आणि दुरुस्ती ही जबाबदारी या केंद्रांकडे निधीसह द्यावी.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मग वृद्धांचे आणि मुलांचे काय? त्यांच्यासाठी ‘एडिप’ राहिलीच पाहिजे. गृहिणीचा प्रश्न मात्र वेगळा. चुलीपाशी बसणे, पाणी भरणे हे कामच आहे आणि पाहणीत त्याची नोंद व्हायला हवी.

बीबीनगरच्या पावलाचे वजनानुसार तीन प्रकार केले आहेत. कामानुसार प्रकार करायचे तर रोजची पावले, उचललेले ओझे, बुडालेले दिवस यांच्या नोंदी लागतील. त्या प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. कामाच्या जागी पाठपुरावा करणारे कोणी नेमले, तरच त्या संशोधकांच्या हाती येतील.