अनुत्तरित प्रार्थना आणि गाऱ्हाण्याचा अधिकार

मागितलेले मिळाले नाही, की ख्रिस्ती मंडळीत दोन उत्तरे तयार असतात. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे एक. ‘देवाची योजना आपल्याला कळत नाही’ हे दुसरे. पहिले दुःखिताच्याच माथी दोष मारते. दुसऱ्यात तथ्य असले, तरी बहुधा ते त्याला गप्प बसवण्यासाठी वापरले जाते. आमच्या मते ही बायबलच्या वाचनातली चूक आहे. म्हणून हा प्रश्न धर्मोपदेशकांइतकाच साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापस्तोत्रांचा वाटा मोठा आहे. त्यांची बांधणी साधारणतः ठरलेली असते : हाक, गाऱ्हाणे, याचना आणि अखेरीस स्तुतीकडे वळण. ८८वे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते. संहितेत त्याला आशेचे कडवे जोडलेले नाही आणि ते वगळलेलेही नाही. तरीही त्यातील वक्ता ज्याच्याविषयी गाऱ्हाणे करतो, त्यालाच उद्देशून बोलत राहतो. त्याची आशा दिसत नाही, पण संबोधन सुटत नाही. त्या स्तोत्रातला विश्वास आम्हांला या संबोधनात दिसतो.

ईयोबाच्या ग्रंथातही हाच भेद आहे. मित्र देवाविषयी विद्वत्तापूर्ण बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब भांडतो, पण देवाशी भांडतो. अखेरीस देव दोषी ठरवतो तो मित्रांना. आणि ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत सांगितले जात नाही. गेथशेमाने बागेत येशूने प्याला टळावा अशी विनवणी केली; तो टळला नाही. ‘विश्वास कमी पडला’ असे तेथे कोण म्हणेल?

विठ्ठलाशी भांडणारा तुकाराम ज्यांना परिचित आहे, त्या मराठी वाचकांना हे परके वाटू नये. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती अभंगांतून मांडली, ती याच वाटेने. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. १९२२ साली त्या स्वतः गेल्या. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यांच्या मनाचा ठाव घेण्याचा दावा आम्ही करत नाही. पण विलापाच्या त्या शब्दांसाठी मराठी शब्द शोधणे, हेही त्या कामात होतेच.

ऐकणारा कोणी नसेलच, तर? या आक्षेपाचे खंडन कोणतेही स्तोत्र करीत नाही. आमचे म्हणणे मर्यादित आहे : अनुत्तरित प्रार्थनेनंतरचा विश्वास म्हणजे समाधान झाल्याचा देखावा नव्हे. शोकग्रस्ताच्या घरी जाणाऱ्याने स्पष्टीकरणे बाहेर ठेवावीत आणि जमल्यास ८८वे स्तोत्र त्याच्यासोबत वाचावे. गाऱ्हाण्याचा अधिकार त्याला ग्रंथानेच दिला आहे. तो काढून घेणारे आपण कोण?