वॉकीटॉकी घेण्याआधी

होळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते. लाखोंची गर्दी होते. अशा गर्दीत एखादे मूल हात सुटून हरवते आणि नेमका तेव्हाच मोबाइल लागत नाही, कारण एकाच टॉवरवर हजारो जण फोन लावत असतात. तिथे बंदोबस्तातली वॉकीटॉकी कामी येते. बटण दाबून एकाने सांगितले की त्या चॅनेलवरचे सगळे एकदम ऐकतात.

जुन्या सेटवर एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलणे चालते. डिजिटल सेट आवाजाचे आकडे करून पाठवतो, पलीकडे त्यांचा पुन्हा आवाज होतो. आम्ही शिक्षक कधी एकाच खोलीत तिसरी आणि चौथी सांभाळतो. तिसरीला गणित घालायचे, चौथीकडे वळायचे. 2005 साली आलेले 'डीएमआर' हे युरोपीय मानक असेच चालते. 12.5 किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन बोलणी आळीपाळीने जातात, प्रत्येक पाळी 30 मिलिसेकंदांची. कानाला खंड जाणवत नाही. 'टेट्रा' हे दुसरे मानक 25 किलोहर्ट्झमध्ये चार बोलणी बसवते.

मात्र डीएमआरचे बोलणे टेट्राच्या सेटला कळत नाही. कागद तोच असला तरी ज्याला फक्त मराठी येते त्याला उर्दू वाचता येत नाही, तसेच हे. आणखी एक फरक आहे. जुन्या सेटवर अंतर वाढले की खरखर वाढते आणि आपण सावध होतो. डिजिटल सेट बराच वेळ स्वच्छ ऐकू येतो, मग तुटक होऊन एकदम गप्प होतो.

आता घरातली गोष्ट. मुलांच्या खेळासाठी किंवा प्रवासासाठी ऑनलाइन सेट मागवले जातात. आपल्या देशात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या सेटना परवाना लागत नाही. इतर लहरींवरचा सेट विनापरवाना वापरणे बेकायदा आहे, शिवाय पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या बोलण्यात अडथळा येऊ शकतो. ऑनलाइन विक्रेत्यांसाठी 2025 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तेव्हा स्वस्त किंमत पाहण्याआधी खोक्यावरचे मेगाहर्ट्झ वाचा. तिथे ते लिहिलेच नसतील आणि विक्रेत्यालाही सांगता येत नसतील, तर तो सेट घरी आणू नका.