एक जून आणि एक जानेवारी

महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसे कोणत्या दिवशी जन्माला आली, असे कोणी विचारले तर पंचांग उघडण्याचे कारण नाही. उत्तर ठरलेले आहे : एक जून! आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी मास्तर, तलाठी आणि पोस्टमास्तर त्याच दिवशी जन्मले आणि पुढे ३१ मे रोजी घाऊक भावाने निवृत्त झाले. यात ग्रहांचा हात नाही, हात आहे तो गुरुजींच्या टाकाचा. जूनमध्ये शाळा उघडे. बाप पोराला घेऊन येई. जन्म कधीचा, असे विचारले की ‘थोरला पूर आला त्याच्या दुसऱ्या साली, भाताची लावणी चालू होती’ असे उत्तर मिळे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचे झाले! रजिस्टरात तारीख पडे, एक जून.

हसू नका, वाचकहो. जगाच्या फुटबॉलचा कारभार पाहणारी फिफा ही बडी संस्थासुद्धा शेवटी मुलाच्या हातापाशीच येऊन थांबली आहे.

या संस्थेची लहान मुलांची विश्वचषक स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली. तेव्हा ती सोळा वर्षांखालील मुलांची होती. १९९१ पासून सतरा वर्षांखालील मुलांची झाली. देशादेशांचे संघ, अंगावर देशाचा गणवेश, सामन्याआधी राष्ट्रगीत; सारा थाट मोठ्यांसारखाच. फरक एवढाच, की इथे लहान असणे ही पात्रता आहे. आणि जिथे लहान असण्याला किंमत येते, तिथे थोरांना लबाडी सुचते. एकोणीस-वीस वर्षांचा दाढी घोटून आलेला गडी सतराच्या पोरांत सोडला की गोल होणारच. शिवाय खऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलाची जागा जाते ती वेगळीच. जन्मदाखल्यांवर भरवसा ठेवावा, तर गुरुजींचे भाऊबंद साऱ्या जगात पसरलेले आहेत.

म्हणून २००९ सालच्या नायजेरियातील स्पर्धेपासून मनगटाची एमआरआय तपासणी आली. आपल्या मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी, वाढीच्या वयात कूर्चेचा एक थर असतो. मूल वाढते तसा तो हळूहळू हाड बनत जातो आणि एक दिवस सांधा पुरता भरून येतो. सतरा पुरी होण्याआधी तो पूर्ण भरलेला मुलगा शंभरात एखादाच सापडतो. एक्स-रेनेही हे दिसते; पण निरोगी पोराच्या अंगात विनाकारण किरण कशाला सोडायचे, म्हणून चुंबकाच्या जोरावर चालणारे हे यंत्र. ते जन्मतारीख सांगत नाही. हा गडी सतराच्या पुढे गेला असावा, एवढेच सांगते. पण तेवढ्या धाकाने पुष्कळ दाखले सरळ वागू लागतात!

२०१७ साली हा सोहळा आपल्या घरी आला. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, गोव्यातले मडगाव आणि आपली नवी मुंबई अशा सहा ठिकाणी मिळून १३ लाखांहून अधिक लोकांनी सामने पाहिले. त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला, १८ ऑक्टोबरला, घरोघर उटण्याचे वास दरवळत असताना नेरूळला घाना आणि नायजरची पोरे एकमेकांशी झुंजत होती. यजमान म्हणून भारतालाही प्रवेश मिळाला होता. आपल्या संघात मणिपूरची आठ मुले होती आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या गावात कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघ बाळगतात आणि पेठापेठांचे वैर शाहू स्टेडियमवर निकालात निघते, त्या गावचा मुलगा विश्वचषकात खेळावा, यात नवल ते काय?

निकाल सांगायचे तर अमेरिकेने आपल्याला ०-३, कोलंबियाने १-२ आणि घानाने ०-४ हरवले. पण त्या तीन पराभवांत एक क्षण आहे. ९ ऑक्टोबरची रात्र, दिल्लीचे मैदान, कोलंबिया एका गोलने पुढे. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कोपऱ्यावरून चेंडू टाकला आणि जॅक्सन सिंग या मणिपुरी मुलाने उंच उडी मारून तो डोक्याने जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल! सारे मैदान नाचत होते आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा गोल केला. आपली बरोबरी टिकली ती एवढीच.

आता जॅक्सनची जन्मतारीख पाहा : २१ जून २००१. स्पर्धेचा नियम होता, की खेळाडू १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असावा. म्हणजे सोबतचे आणि समोरचे बहुतेक गडी सतराचे आणि हा सोळाचा. ‘मग पुढच्या खेपेला सतराचा होऊन खेळला असता,’ असे कोणी म्हणेल. तिथेच गोम आहे. स्पर्धा तेव्हा दोन वर्षांनी भरे. २०१९ ची अट होती १ जानेवारी २००२. २००१ साली जन्मलेल्या जगातल्या साऱ्या मुलांना एकच संधी होती, आणि तीही एक वर्ष कच्चे असताना. ज्यांचा जन्म २००० चा, त्यांचे नशीब थोर! २०२५ पासून ही स्पर्धा कतारमध्ये दरवर्षी, ४८ संघांची भरू लागली. त्यामागे पैशाचा हिशेब असेलही. पण विषम सालात जन्मण्याचा दंड तरी त्यामुळे संपला.

मात्र सालाचा प्रश्न सुटला तरी महिन्याचा उरतोच. १९९७ ते २००७ या काळातल्या या स्पर्धांच्या खेळाडूंच्या जन्मतारखा एका अभ्यासकाने मांडून पाहिल्या. जवळजवळ ४० टक्के मुले जानेवारी ते मार्चमधली निघाली. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली १६ टक्के. देव पायांत फुटबॉल घालून पाठवतो तो काय फक्त पौष-माघात? खरी गोष्ट साधी आहे. दहा वर्षांच्या पोरांत जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलाहून अकरा महिन्यांनी मोठा असतो. चार बोटे उंच, थोडा दणकट. शिक्षकाला तो ‘हुशार’ दिसतो. त्याला संघ मिळतो, सराव मिळतो, शाबासकी मिळते आणि मग तो खरोखरच हुशार होतो. डिसेंबरचा मुलगा बाकावर बसून टाळ्या वाजवायला शिकतो. इथे कोणी खोटा दाखला केलेला नाही. लबाडी मनगटात सापडते. ही चूक आपल्या नजरेत असते, आणि तिला अजून यंत्र निघालेले नाही.

आणि त्या वयातली नजर किती खरी ठरते? २०१७ चा अंतिम सामना इंग्लंडने स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही ५-२ असा जिंकला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे आठ गोल केले ते रियान ब्रूस्टरने. उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा लागोपाठच्या दोन्ही सामन्यांत त्याने तीन-तीन गोल मारले होते. तीनच महिन्यांनी त्याला अशी दुखापत झाली, की वर्षाहून अधिक काळ मैदान बंद. त्याचाच सोबती फिल फोडेन पुढे मोठमोठ्या विजेत्या संघांत झळकला. आणि आपला एक वर्ष कच्चा जॅक्सन २०२१ मध्ये भारताच्या मुख्य संघात उतरला. सतराव्या वर्षी लिहिलेले भविष्य कुणाचे खरे झाले, कुणाचे अर्धे, कुणाचे मुळीच नाही.

आम्हा मराठी माणसांना निकालाची भारी घाई. पोर दहावीत गेले की त्याचे काय होणार ते आपण शेजाऱ्यांना सांगून मोकळे होतो. हाडे मात्र कोणाच्या सांगण्याने भरत नाहीत.

या सुट्टीतही चाळीच्या अंगणात किंवा सोसायटीच्या वाहनतळावर दोन कप्तान गडी वाटून घेतील. शेवटी एक बारके पोर उरेल. ‘तू कच्चा लिंबू,’ असे म्हणून त्याला कुठल्यातरी कोपऱ्यात उभे करतील. गॅलरीतून पाहत असाल तर हाक मारून सांगा, की त्यालाही चेंडू द्या रे. कदाचित त्याचा जन्म डिसेंबरातला असेल. आणि लिंबू कच्चे आहे म्हणजे झाडाचा दोष नव्हे. त्याचा हंगाम अजून यायचा आहे, एवढेच.